उघड्यावरची लाकडी पाटी आणि तिचे रक्षण



वसंतात व्याख्याने ठेवण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तिचे लोण पुढे गावोगाव पोहोचले आणि नांदेड-लातूरकडेही उन्हाळ्याच्या संध्याकाळी सतरंज्या अंथरल्या जाऊ लागल्या. दिवसभर ऊन सोसून आपण येथे गार हवेला येऊन बसतो. आपल्या दारावर, दुकानावर किंवा वाचनालयावर जी पाटी टांगलेली असते, तिला मात्र उद्या दुपारी पुन्हा त्याच उन्हाला तोंड द्यावयाचे असते. आजचा विषय त्या पाटीचा आहे: लाकडाची पाटी उघड्यावर लावावयाची असेल, तर तिला काय लावावे?

विषय क्षुल्लक वाटेल, पण तो अकाली नाही. महाराष्ट्रात २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्या घाईत बहुतेकांनी छापील फ्लेक्स टांगले, हे उघडच आहे. पण घराचे नाव, डॉक्टर-वकिलांची पाटी, देवस्थानाचा फलक, बागेतली झाडांची नावे यांसाठी अजूनही पुष्कळ लोक सुताराकडे जातात, चांगली सागवानी फळी निवडतात, तीवर अक्षरे कोरून घेतात आणि एवढा खर्च केल्यावर शेवटी दुकानात जाऊन ‘एक चांगले चकाकणारे व्हार्निश द्या’ असे सांगतात. त्या एका वाक्याने पाटीचे आयुष्य ठरून जाते. कसे, ते सांगतो.

प्रथम लाकडाचा शत्रू कोण, ते पाहू. कोणालाही विचारा, तो ‘पाणी’ म्हणेल. कोकणात हे उत्तर चालेल. आपल्याकडे पाऊस कोकणाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा, तोही चार महिन्यांत येऊन जाणारा. ज्या लातुरास एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेथे ‘पाण्यापासून लाकूड सांभाळा’ हा उपदेश ऐकणाऱ्याला हसू आणील. आपल्याकडचा पहिला गुन्हेगार ऊन आहे, पाणी त्याचा साथीदार.

लाकूड म्हणजे सेल्युलोजचे बारीक तंतू आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य. विटा आणि चुना म्हटले तरी चालेल. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण, जुन्या पुस्तकांत ज्यांना जंबुपार म्हणत, ते या चुन्यावर म्हणजे लिग्निनवर तुटून पडतात. ते फार आत जात नाहीत. मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंतही नाही. पण त्या पातळ थरातले लिग्निन तुटते, पहिल्या पावसात धुऊन जाते, आणि वर राहतात ते नुसते सुटे, करडे तंतू. जुनी बैलगाडी किंवा गोठ्याचे कवाड करड्या रंगाचे दिसते, त्याचे हेच कारण. आता गंमत अशी, की यामुळे लाकूड मरत नाही. उघड्यावर ठेवलेले रंगाविना लाकूड शंभर वर्षांत सरासरी सहा मिलिमीटर झिजते, असा पाश्चात्त्य मऊ लाकडांबाबतचा अनुभव आहे. सागासारखे घट्ट लाकूड त्याहूनही सावकाश झिजेल. म्हणजे गोठ्याच्या कवाडाला काही न लावले तरी ते आपल्याला पुरून उरेल. पाटीचे तसे नाही. पाटीला अक्षरे असतात, आणि अक्षरांचे सगळे आयुष्य त्या वरच्या एक-दोन मिलिमीटरांच्या धारेत असते.

आता दुसरी गोष्ट, लाकडाचा श्वास. वैशाखात आपल्याकडे दुपारी हवा इतकी कोरडी होते, की तीत सापेक्ष आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या आसपास राहते. श्रावणात तीच ऐंशीच्या वर जाते. लाकूड हवेशी जुळवून घेत असते. कोरड्या हवेत त्यात पाच-सहा टक्के पाणी राहते, दमट हवेत सोळाच्या आसपास. एक फूट रुंदीची, वार्षिक कड्यांना स्पर्शून कापलेली सागवानी फळी एवढ्या फरकाने चार-पाच मिलिमीटर फुगू शकते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेवढीच आकसते. या हालचालीत जे लेपन फळीबरोबर ताणले जात नाही, ते तडकते. तडा गेला की त्यातून पाणी आत शिरते आणि परत येण्याची वाट त्याला सापडत नाही.

एवढे ध्यानात ठेवले, म्हणजे व्हार्निशाचे काय होते ते आपोआप समजेल. साधे व्हार्निश पारदर्शक असते, हाच त्याचा गुण आणि हाच त्याचा दोष. ज्या काचेसारख्या थरातून आपल्याला लाकडाची नक्षी दिसते, त्याच थरातून ऊनही आत जाते. व्हार्निश शाबूत असतानाच त्याच्याखाली लाकडाचे लिग्निन तुटत राहते. थोड्याच दिवसांत व्हार्निश ज्या पृष्ठभागाला चिकटलेले असते, तो पृष्ठभागच सुटा होतो, आणि पोपडे निघू लागतात. लोक दुकानदाराला दोष देतात की माल भेसळीचा होता. पुष्कळदा माल उत्तम असतो. तो घरातल्या कपाटासाठी केलेला असतो, एवढेच.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा येथेच आहे, म्हणून थोडे थांबतो. उघड्यावर लावलेले प्रत्येक लेपन एक दिवस संपणारच. तेव्हा ‘किती वर्षे टिकेल’ हा प्रश्न दुसरा. ‘संपेल तेव्हा कसे संपेल’ हा पहिला. काही लेपने झिजून संपतात, काही पोपडे होऊन संपतात. झिजलेल्यावर पाटी धुऊन, हलका काचकागद फिरवून पुन्हा एक हात देता येतो. पोपडे आलेल्याला मात्र मुळापर्यंत खरवडावे लागते. अर्धे चिकटलेले, अर्धे सुटलेले तसेच ठेवून वर नवे लावले, तर नवेही जुन्याबरोबर निघून येते. आणि कोरलेल्या पाटीवर खरवडणे म्हणजे काय? पटाशीची टोके घेऊन प्रत्येक वेलांटीत, प्रत्येक मात्रेत शिरणे. दर खेपेस अक्षराची धार थोडी जाते. अशी चार खरवडणी झाली, की ‘श्री’ची गाठ भरल्यासारखी दिसते आणि ‘ध’ कोणता व ‘घ’ कोणता हे वाचणाऱ्याने ताडायचे राहते. उन्हाला जे करायला कितीतरी अधिक वर्षे लागली असती, ते आपण पाटी सांभाळण्याच्या नादात दहा वर्षांत करतो.

मग उन्हाला अडवावे कशाने? याचे उत्तर आपल्या आजोबा-पणजोबांना अनुभवाने ठाऊक होते: रंगाने. रंग म्हणजे दळलेली माती किंवा धातूची राख. तिचे कण छत्रीसारखे ऊन अडवतात. गेरू, काव, हुरमुंजी ही सगळी लोहाच्या गंजाची भावंडे. हुरमुंजी तर नावावरूनच इराणच्या आखातातल्या होर्मुझ बेटाची ओळख सांगते. लोहाचे हे तांबडे-पिवळे कण अतिनील किरण गिळण्यात फार तरबेज आहेत. गावाच्या वेशीवरच्या मारुतीला तेलात कालवलेल्या शेंदराचे थरावर थर चढवतात, तेही मुळात तेल आणि रंगद्रव्य मिळून केलेले लेपनच. मात्र पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे भस्म असते आणि शिसे विषारी आहे, तेव्हा पाटीच्या अस्तरासाठी त्याची वाट धरू नये. जुन्या काळी लाकडाच्या आणि लोखंडाच्या अस्तरांत शिसे सर्रास असे. घरगुती रंगांत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत नव्वद भागांच्या आत असले पाहिजे, असा नियम भारतात २०१६ साली झाला आणि पुढच्या वर्षाअखेरीस तो अमलात आला. म्हणून पन्नास-साठ वर्षांची वडिलोपार्जित पाटी नव्याने रंगवताना ती कोरडी घासू नये. पाणी लावून घासावी, तोंडाला फडके बांधावे, आणि त्या वेळी अंगणात लहान मुले नसावीत.

आता दुकानात मिळणाऱ्या वस्तूंकडे वळू. चपड्या लाखेचे फ्रेंच पॉलिश उघड्यावर कधीच नको. पाण्याचा थेंब बसला की पांढरा डाग पडतो. खोल ओसरीत, जेथे ऊन वा पाऊस पोहोचत नाही, तेथे मात्र त्याच्याइतके देखणे काही नाही. आतल्या कामाचे पॉलियुरेथेन कठीण असते, आणि तेच त्याचे वैगुण्य. फळी फुगली की ते तडकते. बाहेरच्या कामाचे दोन डब्यांचे पॉलियुरेथेन याहून पुष्कळ चांगले असते, परंतु तेही शेवटी पोपडे होऊनच संपते, आणि मग ते खरवडणे म्हणजे शिक्षा. जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी केलेले तेलकट, लवचिक व्हार्निश मिळाले, आणि त्यात ऊन शोषणारी द्रव्ये असली, तर पारदर्शक लेपनांत ते त्यातल्या त्यात बरे. पण त्याचे पाच-सहा हात द्यावे लागतात आणि आपल्या उन्हात दर वर्षी एक नवा हात. जहाजावर हे करायला खलाशी असतात; आपल्याकडे एवढी चिकाटी कोण धरणार? मळलेले इंजिनाचे काळे तेल फुकट मिळते म्हणून लावणारेही आहेत. ते वाळत नाही, धूळ धरते, कपड्यांना लागते, आणि पुढे कोणताही रंग त्यावर बसू देत नाही. ते कुंपणाच्या खांबालाही लावू नये, मग पाटीची गोष्टच सोडा.

तेलाची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण आपण तेलबियांच्या मुलखात राहतो. लातुरात तेलबियांचे संशोधन केंद्रच आहे. सगळी तेले सारखी नसतात. जवसाचे तेल हवेत ठेवले तर घट्ट होऊन वाळते. वाळते म्हणजे उडून जाते असे नव्हे, तर हवेतला प्राणवायू घेऊन त्याचे कण एकमेकांत गुंफले जातात आणि त्याचे वजन उलट वाढते. करडईचे तेल मंदपणे वाळते, पण पिवळे पडत नाही, म्हणून फिक्या रंगांसाठी रंगांच्या कारखान्यांत त्याला मान आहे. शेंगदाण्याचे तेल वाळतच नाही. ते लाकडावर वर्षभर चिकट राहील. कच्चे जवसाचे तेल वाळायला कितीतरी दिवस घेते आणि पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते. म्हणून रंगारी उकळलेले जवसाचे तेल वापरतात, त्याला ते बेलतेल म्हणतात. बाजारात ‘टीक ऑइल’ म्हणून जे विकतात, ते सागापासून काढलेले नसते. वाळणारे तेल, थोडे व्हार्निश आणि पातळ करण्याचे द्रव यांचे ते मिश्रण. या सगळ्या तेलांचा एक मोठा गुण असा, की ती लाकडात मुरतात, वर कवच करीत नाहीत, म्हणून पोपडेही निघत नाहीत. परंतु नुसत्या तेलाने ऊन अडत नाही. त्यात लोहाचा तांबूस रंग मिसळला, म्हणजे आपल्याला हवी असलेली वस्तू मिळते. हल्ली हार्डवेअरच्या दुकानांत बाहेरच्या लाकडासाठी ‘वुड स्टेन’ म्हणून जी मिळते ती साधारण याच जातीची असते, आणि चांगल्या मालात बुरशीनाशकही घातलेले असते. घेताना तिचा डबा घरातल्या कामाचा नाही ना, हे वाचून घ्यावे.

माझी निवड सांगावयाची तर अशी. फळी चांगल्या गाभ्याच्या सागाची असेल आणि तिची नक्षी दिसावी अशी इच्छा असेल, तर जमिनीला तांबूस मुरणारी स्टेन, दोन हात. कोरलेल्या अक्षरांत बाहेरच्या प्रतीचा गडद किंवा पांढरा इनॅमल. दीड-दोन वर्षांनी जमीन फिकी वाटली की पाटी धुऊन पुन्हा एक हात द्यावा. अर्ध्या दिवसाचे काम आहे. उलट, फळी आंब्याची किंवा अनोळखी जंगली लाकडाची असेल, तर नक्षीचा मोह सोडावा आणि तिला संपूर्ण रंगाने झाकावे: अस्तर, मग बाहेरच्या कामाच्या रंगाचे दोन हात. भारतीय मानकांच्या वर्गवारीत लाकडाचा गाभा जमिनीत पुरून पाहतात. दहा वर्षे वा अधिक टिकणारा पहिल्या वर्गात, पाच वर्षांच्या आत जाणारा तिसऱ्या. साग पहिल्या वर्गात आहे, आंबा तिसऱ्यात. मात्र हे गाभ्याबद्दल. किनवट-माहूरच्या जंगलांतला अस्सल साग असला, तरी सालीलगतचे त्याचे पांढरट लाकूड वाळवीला आणि बुरशीला गाभ्यासारखे तोंड देऊ शकत नाही. फळीच्या कडेला असा पांढरा पट्टा असेल, तर सुताराला तो काढायला सांगावे.

रंगाच्या बाबतीत येथे एक मतभेद नोंदवतो. आपले रंगारी तैलरंगाला मानतात आणि पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगाला ‘भिंतीचा रंग’ म्हणून हसतात. तैलरंगाची चकाकी आणि अक्षरे ओढण्यातली सफाई मान्य आहे. पण तो वयाबरोबर कडक होत जातो. बाहेरच्या प्रतीचे ॲक्रिलिक लवचिक राहते आणि फळीच्या श्वासाबरोबर ताणले जाते. जमिनीला ॲक्रिलिक आणि अक्षरांना तैलरंग, अशी वाटणी केल्यास दोघांचाही मान राहील.

पाटी कोणत्या दिशेला तोंड करून आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. लातूरच्या गंजगोलाईत हे फार चांगले ध्यानात येईल. सोळा रस्ते जेथे येऊन मिळतात त्या गोल बाजारात दुकानांची तोंडे सगळ्या दिशांना आहेत. एकाच रंगाऱ्याने एकाच दिवशी एकाच डब्यातून रंगवलेल्या दोन पाट्या तेथे लावा. दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे पाहणारी आधी उतरेल, उत्तरेची मागाहून. काळ्या किंवा गडद तपकिरी जमिनीची पाटी पश्चिमेच्या उन्हात साठ अंशांच्या पुढे तापू शकते. अशा ठिकाणी फिकी जमीन आणि गडद अक्षरे घ्यावीत. गोदाकाठी नांदेडात, झाडांच्या सावलीत, उत्तरेच्या भिंतीवर पाटी असेल, तर प्रश्न उलट होतो: तेथे ऊन कमी, पण ओल रेंगाळते, म्हणून बुरशीनाशक असलेली स्टेन घेणे शहाणपणाचे.

कोणतेही लेपन निवडले, तरी सुताराच्या हातची चार कामे झाली नाहीत, तर डब्याची किंमत वाया जाते. फळीची कापलेली टोके पाणी किती झपाट्याने पितात, हे ओल्या फडक्यावर टोक ठेवून पाहावे. तेथे एकाच्या जागी तीन हात द्यावेत. मागची बाजूही रंगवावी. पुढून बंद आणि मागून उघडी अशी फळी दोन बाजूंनी वेगवेगळी फुगते आणि ढालीसारखी वाकते. पाटी भिंतीला चिकटवू नये, मागे बोटभर फट ठेवावी. वरची कड उताराची करावी, आणि जमल्यास तीवर पत्र्याची चिंचोळी पट्टी बसवावी. लोखंडी स्क्रू सागात काळे ओघळ सोडतात, म्हणून पितळेचे किंवा स्टेनलेस पोलादाचे घ्यावेत. रंग देण्यापूर्वी सागावरून थिनरचे फडके फिरवावे, नाहीतर त्याच्या अंगचे तेल रंगाला चिकटू देत नाही. आणि रंधा मारलेली फळी दोन-तीन आठवडे उन्हात ‘वाळत’ ठेवू नये. ऊन आपले काम पहिल्याच आठवड्यात सुरू करते. रंधा आज, तर पहिला हात उद्या.

शिरोरेषेबद्दल स्वतंत्र बोलले पाहिजे, कारण परदेशी पुस्तकांत याची माहिती मिळणार नाही. रोमन अक्षरे सुटी असतात. आपल्या नागरीत मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक आडवी खाच जाते. ती खाच पाटीवरची पन्हळच होय. पाऊस वरून ओघळतो, शिरोरेषेत थांबतो, आणि तिच्या खालच्या ओठावर पाण्याची रेघ राहते. रंग पहिल्यांदा तेथेच सुटतो. म्हणून सुताराला सांगावे, की शिरोरेषेची खालची बाजू काटकोनात न ठेवता बाहेरच्या बाजूस उतरती करावी, म्हणजे पाणी साचणार नाही. ‘थ’, ‘ध’, ‘भ’ यांच्या गाठींच्या आत लाकडाची लहानशी बेटे उरतात. त्यांचे तंतू आखूड, त्यामुळे ती टवका उडून निघतात. अशा अक्षरांसाठी आकार थोडा मोठा घ्यावा किंवा ती उठावाची कोरावीत. अक्षरांच्या खाचांत लांबी भरून त्या गुळगुळीत करण्याचा मोहही आवरावा. लांबी फुगत नाही, लाकूड फुगते, आणि दोहोंच्या मध्ये केसाएवढी भेग पडते.

हे सगळे करावयाचे केव्हा? आता नव्हे. तापलेल्या फळीवर रंगाचा वरचा थर आधी वाळतो आणि आतले द्रव बाहेर पडू पाहते, त्यामुळे फोड येतात. श्रावणात फळी ओली असते. दसरा झाल्यावर, हवा कोरडी आणि ऊन सौम्य झाले की सकाळी दव उडाल्यावर सुरुवात करावी आणि दुपार टळण्यापूर्वी हात आवरावा. ज्यांनी पूर्वी स्टेन दिली असेल, त्यांनी त्याच सुमारास पाटीवर चार थेंब पाणी टाकून पाहावे. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर एक वर्ष थांबता येईल. पसरून मुरले तर डबा उघडावा.

आणि काम संपल्यावर तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते, आणि बोळ्यात ती कोंडून राहिली तर काडी न ओढता चिंधी पेट घेते. रंगाऱ्यांच्या दुकानांना अशा आगी लागल्याची उदाहरणे जगभर आहेत. चिंध्या पाण्यात बुडवाव्यात, किंवा मोकळ्या जागी दोरीवर एकेक पसरून वाळवाव्यात, आणि मगच टाकाव्यात.